खोट्या कुस्तीतला साहेब आणि खऱ्या कुस्तीतला पंच

पाचोड : अमेरिकेतील वॉशिंग्टन येथे १३ डिसेंबर २०२५ रोजी जॉन सीना हा मल्ल आपली अखेरची कुस्ती खेळला. कधीही हार न मानण्याचे ब्रीद दोन दशके अंगावरील टी-शर्टवर मिरवणारा सीना गुंथर या प्रतिस्पर्ध्याने मागून गळ्याला घातलेल्या पकडीत अडकला आणि हाताने थाप मारून त्याने शरणागती पत्करली. निकाल आधीच ठरलेला आहे, हे तेथे बसलेल्या प्रत्येकाला ठाऊक होते. तरीही प्रेक्षागृह संतापले. विशेष म्हणजे हा संताप गुंथरच्या वाट्याला आला नाही. निरोप समारंभासाठी 'डब्ल्यूडब्ल्यूई'चा कथानकप्रमुख, पूर्वाश्रमीचा मल्ल ट्रिपल एच बाहेर आला तेव्हा त्याची प्रेक्षकांनी यथेच्छ हुर्यो उडविली. ज्या कंपनीने पाव शतकाहून अधिक काळ दुष्ट साहेबाचे सोंग विकले, तिच्या खऱ्याखुऱ्या साहेबाला लोकांनी त्या रात्री जाब विचारला, आणि तो क्रौर्याबद्दल नव्हता, न पटलेल्या निकालाबद्दल होता.

सातासमुद्रापलीकडील या तमाशाशी पैठण तालुक्याचा काय संबंध, असे कोणी विचारील. सोलापूर-धुळे महामार्गावरील, मोसंबीच्या बाजारपेठेसाठी परिचित असलेल्या पाचोडसारख्या गावांतही ही कुस्ती केबलच्या तारेवरून केव्हाच पोहोचली होती. 'टेन स्पोर्ट्स' वाहिनीच्या काळात शाळकरी मुलांच्या खिशात मल्लांची उंची, वजन आणि छाती छापलेले पत्ते असत. अंडरटेकर मरून पुन्हा जिवंत होतो, ही वार्ता तर अख्ख्या देशातील शाळांतून खात्रीपूर्वक सांगितली जात असे. पुढे प्रक्षेपण 'सोनी'कडे गेले आणि १ एप्रिल २०२५ पासून भारतात ते 'नेटफ्लिक्स'वर, म्हणजे थेट मोबाइलवर आले. एका पिढीने सत्ता, नियम आणि अन्याय यांचे पहिले नाट्य यात पाहिले. म्हणूनच या कथानकांचे तर्कशास्त्र तपासून पाहणे हा निव्वळ करमणुकीचा प्रश्न राहत नाही.

या नाट्याचा आरंभ एका विलक्षण विरोधाभासातून झालेला आहे. १९८९ मध्ये न्यू जर्सी राज्याच्या विधिमंडळासमोर या कंपनीच्या वतीने, आमच्या लढती म्हणजे स्पर्धा नसून करमणूक आहे, अशी कबुली देण्यात आली. हेतू उघड होता. स्पर्धा म्हटली की राज्याच्या क्रीडा आयोगाची देखरेख, परवाने आणि कर आले. करमणूक म्हटली की ते सारे टळले. खरा अधिकारी अशा रीतीने आखाड्याबाहेर घालविल्यानंतर आठ-नऊ वर्षांत कंपनीने त्या रिकाम्या खुर्चीवर एक खोटा अधिकारी आणून बसविला.

तो बसला माँट्रियलमुळे. ९ नोव्हेंबर १९९७ रोजी कॅनडातील त्या शहरात ब्रेट हार्ट आणि शॉन मायकेल्स यांची लढत होती. कंपनी सोडून निघालेला हार्ट आपल्याच देशात हरावयास तयार नव्हता. मायकेल्सने पायाची पकड घातली, हार्टने शरणागती दिली नव्हती, तरीही मालक व्हिन्स मॅकमन यांनी आखाड्याच्या कडेला उभे राहून घंटा वाजविण्याचा हुकूम सोडला. ठरलेल्या खेळातील ही खरीखुरी फसवणूक होती. प्रेक्षक मॅकमन यांच्यावर चिडले, आणि तो राग वाया जाऊ न देता मॅकमन यांनी त्याचेच 'मिस्टर मॅकमन' हे पात्र बनविले. दारू पिणारा, शिवराळ, मालकाला आडवा पाडणारा कामगार-नायक स्टोन कोल्ड स्टीव्ह ऑस्टिन त्याच्यासमोर उभा ठाकला आणि कंपनीचे दिवस पालटले. आपल्या साहेबाच्या कानशिलात लगावण्याची इच्छा कोणत्या नोकरदाराच्या मनात येत नाही?

तोवर सारे ठीक होते. अडचण पुढची आहे. जे एकदा प्रसंगातून जन्मले ते नंतर साचा बनले. प्रत्येक कार्यक्रमाला एक साहेब, त्या साहेबाचा एक लाडका मल्ल, एक नावडता मल्ल आणि दर आठवड्याला नवा जुलूम. परंतु या साहेबाच्या वागण्याला साधा हिशेब लागू केला तरी कथानक उभे राहत नाही. ज्याच्या हाती कंत्राट, वेळापत्रक आणि पंचांच्या नेमणुका आहेत, त्याला एखादा मल्ल नको असेल तर त्याला घरी बसविणे पुरेसे आहे. येथे मात्र साहेब त्याच मल्लाला पुन्हापुन्हा किताबाची संधी देतो, त्यात अवघड अटी घालतो, हरतो आणि पुढील आठवड्यात पुन्हा तेच करतो. सत्ता अमर्याद, पण ती वापरण्याची अक्कल शून्य. असा मूर्ख हुकूमशहा प्रत्यक्षात एक हंगामही टिकणार नाही.

२०१३ मध्ये ट्रिपल एच आणि त्याची पत्नी स्टेफनी मॅकमन यांची 'ऑथॉरिटी' नावाची टोळी पडद्यावर आली. डॅनियल ब्रायन हा लहान चणीचा मल्ल धंद्याच्या दृष्टीने योग्य नाही, असा तिचा दावा होता. प्रेक्षकांनी ब्रायनची बाजू इतकी उचलून धरली की एप्रिल २०१४ मध्ये त्याला किताब द्यावा लागला. येथे निदान साहेबाच्या म्हणण्याला काही तर्क होता. गिऱ्हाईक कोणाचे तोंड पाहून पैसे मोजते, हा प्रश्न खरा होता. पण त्याच टोळीला नोव्हेंबर २०१४ मध्ये एका लढतीच्या अटीनुसार सत्तेवरून दूर करण्यात आले आणि वर्ष संपण्यापूर्वी ती परतही आली. परत आणली ती सीनाने, कारण एका निवृत्त मित्राच्या मानेवर पाय ठेवून त्याला धमकाविण्यात आले होते. ज्या निकालासाठी प्रेक्षकांनी अख्खी संध्याकाळ जीव टांगणीला लावला, तो सहा आठवड्यांत पुसला गेला. डिसेंबर २०१८ मध्ये तर संपूर्ण मॅकमन कुटुंबाने आखाड्यात येऊन यापुढे प्रेक्षक हेच 'ऑथॉरिटी' असे घोषित केले. २०१९ उजाडले आणि त्याच कुटुंबातील शेन मॅकमन मल्लांना दंड ठोठावणारा, नोकरीवरून काढणारा साहेब म्हणून मिरवू लागला.

या साच्याचे अगदी अलीकडचे आणि सर्वांत ढिसाळ उदाहरण 'द रॉक'चे. ड्वेन जॉन्सन जानेवारी २०२४ मध्ये मूळ कंपनी 'टीकेओ'च्या संचालक मंडळावर खरोखरच गेला आणि पडद्यावरही तो मंडळावरील सर्वेसर्वा म्हणून वावरू लागला. फेब्रुवारी २०२५ मध्ये त्याने विजेता कोडी ऱ्होड्सकडे चक्क त्याचा आत्मा मागितला. १ मार्च रोजी टोरांटो येथे ऱ्होड्सने नकार देताच सीनाने दगा करून रॉकची बाजू घेतली. वीस वर्षांचा सज्जन एका क्षणात दुर्जन झाला. एप्रिलमध्ये लास व्हेगास येथे सीनाने ऱ्होड्सला हरवून किताब जिंकला, पण ज्याच्यासाठी हा सारा घाट घातला तो रॉक तेथे फिरकलाच नाही. आत्म्याचे पुढे काय झाले, कोणी सांगितले नाही. ऑगस्टमध्ये सीना पुन्हा सज्जन झाला. तो दुर्जन का झाला होता, याचेही पटेल असे उत्तर मिळाले नाही. वगात राजा वेषांतर करून फिरतो तेव्हा सोंगाड्या निदान त्याचे कारण तरी विचारतो.

मराठी प्रेक्षकाला दुष्ट सत्ताधारी नवा नाही. निळू फुले यांनी रंगविलेले पाटील, सरपंच आणि कारखानदार पाहताना खेड्यापाड्यांतील बायका कडाकडा बोटे मोडत. परंतु सत्तरच्या दशकातील 'सामना' या चित्रपटातील हिंदुराव धोंडे पाटील आठवावा. विजय तेंडुलकर यांनी लिहिलेल्या आणि जब्बार पटेल यांनी दिग्दर्शित केलेल्या त्या कथेत पाटलाची सत्ता कारखान्यातून, सहकारातून, लोकांच्या पोटातून आलेली आहे. तो कोणाला का दुखवतो आणि कोणाला का जपतो, याला कारण आहे. त्याच्यासमोर उभा राहणारा, डॉ. श्रीराम लागू यांनी साकारलेला मास्तर तर धड उभाही राहू शकत नाही. त्याच्या हाती मुष्टी नाही, एका बेपत्ता माणसाविषयीचा एक प्रश्न तेवढा आहे. तो प्रश्न तो विचारीत राहतो आणि पाटलाची झोप उडते. दूरचित्रवाणीवरील कुस्तीत असा प्रश्न कोणी विचारीत नाही. तेथे अन्यायावरचा इलाज एकच, तो म्हणजे साहेबाला टेबलावर आपटणे. अपील नाही, चौकशी नाही, नियमपुस्तक नाही. साहेब आपटला की प्रेक्षक सुखावतो आणि खुर्ची जागच्या जागी राहते.

या सोंगाचा आणखी एक उपयोग होता, जो उशिरा ध्यानात आला. जून २०२२ मध्ये 'वॉल स्ट्रीट जर्नल'ने मॅकमन यांनी एका माजी कर्मचारी महिलेला गप्प राहण्यासाठी पैसे दिल्याचे वृत्त दिले. त्याच आठवड्यात मॅकमन मिस्टर मॅकमनच्या थाटात आखाड्यात आले आणि प्रेक्षकांनी टाळ्या वाजविल्या. महिन्याभराने ते निवृत्त झाले, जानेवारी २०२३ मध्ये परतले आणि जानेवारी २०२४ मध्ये एका माजी कर्मचारी महिलेने लैंगिक अत्याचाराचे आरोप करीत दावा दाखल केल्यावर त्यांना कायमचे पायउतार व्हावे लागले. आरोप त्यांनी फेटाळले आहेत. गुप्त करारांची नोंद कंपनीच्या हिशेबात न दाखविल्याबद्दल अमेरिकेच्या रोखे आयोगाशी त्यांनी जानेवारी २०२५ मध्ये तडजोड केली आणि चार लाख डॉलरचा दंड मान्य केला. पडद्यावर वीस वर्षे दुष्ट मालक म्हणून नावाजलेल्या माणसाबद्दल खरी तक्रार आली तेव्हा लोकांना ती कथानकाचाच पुढचा भाग वाटली, हे त्या टाळ्यांनी दाखवून दिले.

महाराष्ट्रात हा साचा एकदा येऊन गेला आहे. 'रिंग का किंग' ही मालिका पुण्यातील बालेवाडी क्रीडासंकुलात चित्रित झाली आणि जानेवारी ते एप्रिल २०१२ या काळात 'कलर्स' वाहिनीवर दाखविली गेली. हरभजनसिंग तिचा चेहरा होता. परदेशी मल्लांच्या वरचष्म्याच्या टोळीचे नाव 'आरडीएक्स', तिचा म्होरक्या जेफ जॅरेट, आणि शेवटी किताब जिंकणारा भारतीय मल्ल महाबली वीरा, असा सरळ हिशेब होता. १९९३ चे स्फोट सोसलेल्या राज्यात चित्रित होणाऱ्या मालिकेत हे नाव कोणाला सुचले, हा भाग अलाहिदा. मालिकेचा दुसरा हंगाम आला नाही. तालमींच्या या शहरात खोटी कुस्ती रुजली नाही, असे त्यावेळी समाधानाने म्हटले गेले. ते समाधान कितपत रास्त होते?

मातीतील कुस्तीचे बळ तिच्या निकालात होते. जत्रेच्या फडात हलगी वाजते, जोड लागते आणि पाठ मातीला टेकली की कुस्ती निकाली. पंच तेथेही असे, क्वचित पक्षपातीही असे, परंतु हजारो डोळ्यांदेखत चितपट झालेल्या मल्लाला विजयी ठरविण्याची त्याची प्राज्ञा नव्हती. कुस्ती लांबली तर ती बरोबरीत सोडविली जाई आणि इनाम वाटून दिले जाई. गादी आली, गुण आले, तेव्हा हे चित्र बदलले. कोणत्या डावाला दोन गुण आणि कोणत्याला चार, खांदे टेकले की नुसते कलंडले, याचा निवाडा क्षणार्धात करावयाचा आणि तो पंचाने करावयाचा. आंतरराष्ट्रीय नियमांचे लाभ वादातीत आहेत, त्यांच्याशिवाय ऑलिम्पिक पदक शक्य नाही. पण त्यामुळे पंचाची सत्ता वाढली आणि ती समजावून सांगण्याची जबाबदारी त्या प्रमाणात वाढली नाही.

पहिली महाराष्ट्र केसरी स्पर्धा १९६१ मध्ये याच जिल्ह्यात, तत्कालीन औरंगाबाद येथे झाली आणि दिनकर दह्यारी तिचे पहिले मानकरी ठरले. तेथून आजवरच्या प्रवासाची अलीकडची काही वर्षे पाहावीत. जानेवारी २०२३ मध्ये पुण्यात महेंद्र गायकवाड आणि सिकंदर शेख यांच्या लढतीत गायकवाडला मिळालेल्या चार गुणांवरून राज्यभर वादंग माजले. समाजमाध्यमांवर चित्रफितींचे तुकडे थांबवून-थांबवून पाहिले गेले आणि पंचाला धमकीचा फोन गेल्याची तक्रार झाली. २ फेब्रुवारी २०२५ रोजी अहिल्यानगर येथे गादी विभागाच्या निर्णायक लढतीत पृथ्वीराज मोहोळ याला शिवराज राक्षेविरुद्ध विजयी घोषित करण्यात आले. आपली पाठ पूर्ण टेकलीच नव्हती, चित्रफीत पाहावी, अशी राक्षेची मागणी होती. ती मान्य झाली नाही. त्याने पंचाची गचांडी धरली आणि लाथ मारली. त्यानंतर किताबाच्या लढतीत अखेरच्या क्षणी दिलेल्या गुणावर नाराज होऊन महेंद्र गायकवाड मैदान सोडून गेला. मोहोळ महाराष्ट्र केसरी झाला, राक्षे आणि गायकवाड यांच्यावर तीन वर्षांची बंदी जाहीर झाली.

राक्षेची लाथ समर्थनीय नाही, हे निःसंदिग्धपणे म्हटले पाहिजे. दोन वेळा महाराष्ट्र केसरी ठरलेल्या मल्लाने ते करणे तर अधिकच खेदजनक. परंतु त्या लाथेची चित्रफीत राज्यभर ज्या चवीने पाहिली गेली आणि राक्षेच्या बाजूने ज्या आवेशात बोलले गेले, त्यात स्टोन कोल्डने साहेबाला पाडल्यावर उठणाऱ्या आरोळीचा सूर होता. पंच विकला गेला, वरून फोन आला, सारे आधीच ठरले होते, ही वाक्ये पुराव्याविना उच्चारली गेली. खांदे टेकले होते की नव्हते, एवढाच मूळ प्रश्न. तो तेथेच, पडद्यावर चित्रफीत दाखवून, ध्वनिक्षेपकावरून कारण सांगून मिटविता आला असता. निर्णय चुकीचा ठरला असता तरी चालले असते. तो न उलगडताच लादला गेला, आणि त्या पोकळीत कारस्थानाची कथा विनासायास शिरली.

या संशयाचे सारे खापर दूरचित्रवाणीवर फोडणे मात्र अन्याय्य ठरेल. संघटनांनीच त्याला खतपाणी घातले आहे. २०२२ मध्ये भारतीय कुस्ती महासंघाने महाराष्ट्र राज्य कुस्तीगीर परिषद बरखास्त केली, दोन गट झाले आणि वाद न्यायालयात गेला. नोव्हेंबर २०२३ मध्ये राज्याला एकाच महिन्यात दोन महाराष्ट्र केसरी लाभले. फुलगावला सिकंदर शेख, धाराशिवला शिवराज राक्षे. २०२५ मध्ये अहिल्यानगरनंतर दोन महिन्यांच्या आत त्याच जिल्ह्यातील कर्जतला दुसरी स्पर्धा झाली आणि तेथे वेताळ शेळके याने गदा उंचावली. व्यासपीठांवर कोणत्या पक्षाचे नेते बसले, हे पाहून स्पर्धा कोणाची ते ओळखता येत होते. पडद्यावरील कुस्तीत एका कंपनीचे दोन-दोन विश्वविजेते असतात, त्याची आपण टवाळी करीत आलो. खुराकासाठी कर्ज काढणाऱ्या बापाला मात्र या दोन गदांचा अर्थ विनोदी वाटणार नाही. नरसिंग यादव आणि विजय चौधरी यांना कुस्तीच्या बळावर पोलिस उपअधीक्षकपद मिळाले, हे तालमीतील प्रत्येक पोराला पाठ आहे. पडद्यावर पट्टा गेला तर तो पुढच्या महिन्यात परत मिळतो. येथे गेलेल्या एका गुणामागे नोकरी जाऊ शकते आणि बंदीच्या तीन वर्षांत मल्लाचे उमेदीचे वय सरते.

दिल्लीतील चित्र याहून काळे आहे. महासंघाचे तत्कालीन अध्यक्ष ब्रिजभूषण शरणसिंह यांनी डिसेंबर २०२१ मध्ये रांची येथे भर व्यासपीठावर एका तरुण मल्लाच्या थोबाडीत मारली, ती चित्रफीत देशाने पाहिली. काही दिवस चर्चा झाली आणि ती विरली. जानेवारी २०२३ मध्ये विनेश फोगट, साक्षी मलिक आणि बजरंग पुनिया जंतरमंतरवर बसले, तेव्हा महिला मल्लांच्या लैंगिक छळाचे आरोप जाहीर झाले. ब्रिजभूषण यांनी ते नाकारले. मे २०२४ मध्ये दिल्लीच्या न्यायालयाने त्यांच्यावर आरोप निश्चित करण्याचा आदेश दिला. दरम्यान २१ डिसेंबर २०२३ रोजी त्यांचे निकटवर्ती संजय सिंह अध्यक्षपदी निवडून आले आणि साक्षी मलिकने पत्रकार परिषदेत आपले बूट टेबलावर ठेवून कुस्ती सोडली. तीन दिवसांनी क्रीडा मंत्रालयाने नवी कार्यकारिणी निलंबित केली, मार्च २०२५ मध्ये ते निलंबन उठले. देशाला ऑलिम्पिक पदक मिळवून देणारी ही मुलगी मास्तराप्रमाणे प्रश्न विचारीत होती. त्यासाठी तिला रस्त्यावर बसावे लागले, कारण तो विचारण्याची दुसरी जागा संघटनेने ठेवलीच नव्हती.

गादीवरील कुस्तीत प्रशिक्षकाला निर्णयाला आव्हान देण्याची आणि चित्रफीत पाहण्याची तरतूद नियमांतच आहे. जिल्हा आणि राज्य पातळीवर तिची हमी स्पर्धेपूर्वी लेखी मिळावी, चित्रफीत प्रेक्षकांनाही दिसेल अशी सोय असावी आणि वादग्रस्त गुणाचे कारण पंचाने मराठीत, ध्वनिक्षेपकावरून सांगावे, यासाठी फार पैसा लागत नाही. लाखोंच्या बक्षिसांची आणि मोटारींची घोषणा करणाऱ्या संयोजकांना एक मोठा पडदा परवडू शकतो. शिक्षेविरुद्ध दाद मागण्यासाठी संघटनेबाहेरील व्यक्तींची समिती नेमणे थोडे कठीण आहे, कारण त्यासाठी दोन्ही गटांना काही सोडावे लागेल. मातीच्या फडात आजही निकालावर कुरबुर झाली तर पंच मंडळी दोन्ही वस्तादांना मध्ये बोलावतात, पुन्हा हात मिळवायला लावतात आणि वेळ असेल तर कुस्ती नव्याने जोडतात.